कर्दळगडातून पळालेली चूल

भालेगावच्या लग्नात पहिल्याच पंगतीला कर्दळगडच्या राजाचा घास घशात अडकला. समोरच्या स्वयंपाकघरात त्याचीच चूल पेटलेली होती!

त्याची म्हणजे त्याच्या गावच्या सारजा कुंभारणीनं त्याच्या वाड्यासाठी घडवली होती तशी. धूर नळीतून बाहेर, लाकूड निम्मं. ही युक्ती वेशीबाहेर न्यायची नाही, अशी राजानं दवंडीच पिटली होती. आणि इथं यजमान त्यालाच समजावत होते, "महाराज, तुमच्याकडेही एक करून घ्या."

राजा तसाच घरी परतला आणि सारजेला बोलावून घेतलं.

"आठ दिवसांत चुलीची युक्ती परत आण. नाहीतर तुझी भट्टी फोडीन आणि तुला गावाबाहेर काढीन."

गेलेली युक्ती परत आणायची म्हणे! राजाला कोण काय बोलणार? सारजेचं सगळं पोट त्या भट्टीवर. पण चेहरा तिनं सरळ ठेवला.

"आणते महाराज. फक्त हुकूम कागदावर द्या. ज्या गावची युक्ती, त्या गावी परत जावी."

राजानं तावातावानं शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माळी धापा टाकत आला. "महाराज, सारजा आमराई खणतेय!"

राजा धावला. पाहतो तर सारजा पहारीनं कलमांच्या बुडाशी पुरलेली मडकी उपसतेय. मडकी भरून ठेवली की पाणी झिरपत मुळांना मिळायचं, म्हणून तर वैशाखातही राजाची कलमं हिरवीगार होती.

"अगं, झाडं जळतील माझी!"

"जळतील, महाराज. पण ही युक्ती राणीसाहेबांच्या माहेरची. त्यांनी सांगितली, मी मडकी घडवली. हुकमाप्रमाणे परत निघाली."

राजा वरमला. "ते राहू दे. माझी चूल कोणी नेली ते सांग."

"तुमच्या लेकीनं. राणीसाहेब माझ्याकडून शिकल्या होत्या; लेक पंचमीला माहेरी आली, तेव्हा त्यांच्याकडून शिकली. सासरी जाऊन नणंदेला शिकवली. ती नणंद भालेगावात नांदते."

"मग जा, भालेगावची चूल फोडून ये."

"चूल फोडेन हो. पण हातात बसलेली कला कशी काढू? युक्ती परत आणायची तर लेकीला कायमची माहेरी आणावी लागेल. आणि मडक्यांची परत पाठवायची तर राणीसाहेबांनाही त्यांच्या माहेरी धाडावं लागेल. आधी कोणाची पालखी काढायची, तेवढं सांगा."

राजानं वाड्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे राणीसाहेबांच्या कानावर घालू नकोस."

"आता कसं, महाराज? ही पहार त्यांनीच तर दिली मला."

राजा पोट धरधरून हसला. हुकमाचा कागद त्यानं तिथंच फाडला, वेशीवरची बंदी उठवली आणि तळ्याकाठची चांगल्या मातीची जमीन सारजेच्या नावे करून दिली. मडकी मात्र त्यानं तिच्याकडूनच पुन्हा पुरून घेतली.