खाणीतले न सांगितलेले घाव

पूर्वी शिलावती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मले व पुढे स्वतः वैद्य झाले. नगराबाहेर राजाची दगडाची खाण होती. ज्या वर्षी खाणीत कोणी जखमी होणार नाही, त्या वर्षी सर्व कामकऱ्यांना वस्त्रे मिळतील, असे राजाने जाहीर केले होते. हेतू चांगला होता. पण खाणप्रमुख वज्रदत्त जखमी माणसाला कामावरून काढून टाकी. म्हणून घाव होत आणि लपवले जात.

एके दिवशी रेवा नावाची स्त्री आपल्या नवऱ्याला, कुंडल पाथरवटाला, घेऊन आली. त्याचा पंजा चेचला होता.

"वैद्यराज, उखळात हात सापडला यांचा."

बोधिसत्त्वांनी जखम धुतली. पाण्यात दगडाची भुकटी उतरली.

"बाई, खरे सांग. मी कोणाचे नाव घेणार नाही."

रेवा रडू लागली. "दोरखंड कुजलाय. शिळा ओढताना तुटतो. पण बोललो तर काम जाईल. लेकरं काय खातील?"

त्या वर्षी दगडाच्या भुकटीने माखून त्यांच्याकडे आलेला हा सातवा हात होता. 'मी पट्ट्या बांधत राहीन आणि आठवा येईल,' असे बोधिसत्त्वांच्या मनात आले.

वस्त्रदानाच्या दिवशी ते राजसभेत उभे राहिले. "महाराज, या वर्षी खाणीतले सात हात मी बांधले."

"कोणाचे? नावे सांगा," वज्रदत्त म्हणाला.

"नावे सांगणार नाही."

राजा रागावला. "मग हे खोटे ठरेल, आणि तुम्हाला नगर सोडावे लागेल."

"सोडीन, महाराज. आधी तो दोरखंड तेवढा पाहा."

तेव्हा गर्दीतून कुंडल पुढे आला. त्याने पट्टी बांधलेला हात वर केला. "त्यातला एक माझा, महाराज."

मागोमाग आणखी हात वर झाले, सातांहून कितीतरी अधिक. अनेक जण वैद्याकडेही गेले नव्हते.

राजा खाणीवर गेला. दोरखंडाचे पदर त्याच्या मुठीत गळून आले. खजील होऊन त्याने वज्रदत्ताला दूर केले आणि आज्ञा दिली, "जो घाव सांगेल, त्याच्या घरी तो बरा होईपर्यंत धान्य पोहोचेल. घावाचे कारण त्याच दिवशी दूर होईल."

पुढच्या महिन्यांत जखमा वाढल्याची कुजबुज झाली. राजा म्हणाला, "वाढल्या नाहीत, कळू लागल्या." हळूहळू त्या खरोखरच कमी झाल्या.

सुगीला रेवा नव्या तांदळाचे गाठोडे घेऊन वैद्याच्या दारी आली. "वैद्यराज, तुम्ही यांचं नाव घेतलं नाहीत, म्हणून यांना ते स्वतः घेता आलं." बोधिसत्त्वांनी ते तांदूळ दोन्ही हातांनी स्वीकारले.

ही कथा सांगून भिक्खूंचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा कुंडल म्हणजे आपल्या विहारात आजाऱ्यांची सेवा करणारा हा भिक्खू. रेवा म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका. राजा म्हणजे स्वतःची चूक संघापुढे मांडणारा हा ज्येष्ठ भिक्खू, हा थेर. आणि वैद्य मीच होतो. दुबळ्याला उघडे न पाडता बोललेले सत्य, हीच त्या जन्मीची माझी सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ण साधना."