जुन्याला टाका

ऐका ऐका, जवळ या! आणि हो, आधी आपापली बटणं नीट लावून घ्या, कारण ही गोष्ट जाम थंड आहे.

एका उंच उंच डोंगरावर एक गाव होतं, गारठेवाडी. एवढुस्सं. तिथे इतकी थंडी पडायची की माणसाने तोंड उघडलं की शब्दाच्या आधी वाफच बाहेर यायची. गावातल्या अगदी शेवटच्या घरात बकू राहायची. वय आठ, नाक कायम लालचुटुक. तिची मोठी बहीण यमू, वय बारा. बाबा गेल्या वर्षी देवाघरी गेले होते. आई पहाटेच दुसऱ्यांच्या फुलमळ्यात कामाला जायची आणि परत यायची तेव्हा तिची बोटं काकडीसारखी गार. घरात पांघरूण एकच, माणसं तीन. डोक्यावर ओढलं की सहाच्या सहा पाय उघडे!

पण दोघी बहिणींकडे एकेक जॅकेट होतं. खरंखुरं, चामड्याचं, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं. बाबांनी शिवलेलं.

बाबांचं चामड्याचं दुकान होतं, घराला चिकटूनच. त्यांनी दोन्ही जॅकेटं एकाच कातड्यातून कापली होती. त्या कातड्यावर एक लांब ओरखडा होता. म्हशीला कधीतरी काटेरी झुडूप लागलं असणार. बाबांनी तो लपवला नाही. अर्धा यमूच्या उजव्या बाहीवर घेतला, अर्धा बकूच्या डाव्या. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या की ओरखडा जुळायचा, सलग एक रेघ!

"ही तुमची पायवाट," बाबा म्हणायचे. "एकीपासून निघते, दुसरीपाशी पोचते."

आणि बाबांच्या दुकानातली एक गंमत सांगायलाच हवी. कुणी फाटकी चप्पल घेऊन यायचं आणि विचारायचं, "याचं काय करू हो?"

बाबा दोऱ्याला मेण चोळत, मान वर न करता म्हणायचे, "टाका!"

"अहो, टाका काय? सहाच महिने वापरलीय!" असं म्हणत गिऱ्हाईक रागारागाने चप्पल कचऱ्यात भिरकावून द्यायचं. मग बाबा पोट धरून हसायचे. "अहो, टाकून द्या नाही म्हटलं. टाका घाला म्हटलं! एक टाका! सुईचा!"

बकू आणि यमू दाराआड उभ्या राहून खिदळायच्या. रोज. तीच गंमत, तरी रोज.

बाबा गेल्यावर दुकान बंद झालं. बकूने बाबांचं दाभण, म्हणजे चामडं शिवायची ती जाडजूड सुई, बुचात खोचून जॅकेटच्या खिशात ठेवलं. झोपतानाही ती जॅकेट काढायची नाही.

यमूला मात्र तिच्या जॅकेटची लाज वाटायला लागली. शाळेत मुली ओरडायच्या, "आली बघा तपकिरी म्हैस! कालही तेच, आजही तेच, परवाही तेच!" यमू घरी येऊन जॅकेट कोपऱ्यात फेकायची. एकदा खिळ्याला अडकून त्याचा खांदा टर्रकन फाटला.

"दे, मी शिवते," बकू म्हणाली.

"काही नको! मला दुसरं हवंय. खूप हवीत. रोज नवं!"

मग एका सकाळी यमू काटक्या आणायला रानात गेली आणि दुपारी परत आली ती… अहाहा! अंगात डाळिंबी लाल जॅकेट, चकचकीत, झिपवर चांदीची इवली इवली घुंगरं!

"बके, रानात एक बाग आहे! तिथे परी भेटली. काय हवं विचारलंन्. मी म्हटलं, जॅकेटं. तर म्हणाली, आधी जुन्याला टाका, मग नव्याला हात. आणि ऐक ना, परी मला चक्क अहो म्हणाली! टाका म्हणाली, टाका! एवढा मान मला कुणी दिला नव्हता."

बकूने तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "मग तू…"

"टाकलं मी ते. तिथेच. एक ढीग आहे जुन्यांचा."

"बाबांचं जॅकेट?"

यमूने झिपवरची घुंगरं वाजवून बघितली. ती आरशात बघत होती.

दुसऱ्या दिवशी यमू मोरपिसी जॅकेट घेऊन आली. तिसऱ्या दिवशी लिंबाच्या सालीसारखं पिवळंधमक. मग जांभुळरंगी, मग चंदेरी, मग गुलाबी. खुंटीवर जागा पुरेना. पण एक विचित्रच व्हायला लागलं. जॅकेटं वाढत गेली तशी यमू गार पडत गेली. तिच्या हाताला हात लावला की नळाच्या पाण्यासारखा वाटायचा. ती एकावर एक दोन घालायची, मग चार, मग सहा, तरी दात कडकड वाजायचे. आईने चुलीपाशी बसवलं, हळदीचं दूध दिलं. कशाचा उपयोग नाही. आणि खुंटीवरून बारीक आवाज यायचे, झिप उघडावी तसे. झिर्र… मला घाल… झिर्र… आता मला…

अकराव्या दिवशी यमूने बकूकडे बघून विचारलं, "तू कोण गं?"

बकू थिजलीच.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर खुंट्या रिकाम्या, घर रिकामं. अंगणात पावलं होती, पण यमूची एकटीची नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी मातीवर बाह्या फरफटल्याच्या खुणा होत्या. अकरा जॅकेटं तिला घेऊन गेली होती.

बकूला रडू येत होतं, पण ती थांबली नाही. आई मळ्यात, मळा खूप लांब. ती त्या खुणांच्या मागोमाग रानात शिरली. धुकं इतकं दाट की स्वतःचा हात दिसेना. कुठेतरी काहीतरी खुसखुसत होतं. बकूने एक हात खिशात घालून दाभण घट्ट धरलं आणि चालत राहिली.

धुकं एकदम बाजूला झालं. समोर फाटक. आणि फाटकाच्या आत… बाग! पण झाडांना फुलं नव्हती. जॅकेटं होती. निळीशार, केशरी, पोपटी, सोनेरी, शेकडो. प्रत्येक फांदीला हँगर, प्रत्येक हँगरला जॅकेट, सगळी हळूहळू झुलतायत. वारा मात्र अजिबात नव्हता!

बकू जवळ गेली. पोपटी जॅकेटच्या कॉलरमधून दोन डोळे बघत होते. कुणीतरी मुलगा होता तो, कागदासारखा पातळ. शेजारच्या केशरीत एक आजी. आणि त्याच्या पलीकडे, अकरा जॅकेटांच्या आत, वाळक्या पानासारखी हलकी झालेली यमू.

"ताई!" बकू किंचाळली. यमूच्या पापण्या हलल्यासुद्धा नाहीत.

"शूऽऽ," कानाजवळ आवाज आला. कुंपणावर एक परी बसली होती. जाईच्या कळीएवढी, अंगभर दवाचे थेंब, केसात इवलाले काजवे. तिचा एक पंख झगमगत होता, दुसरा मात्र दुमडून पाठीशी धरलेला. "हळू बोल. ही जॅकेटं जागी झाली तर तुलाही घालतील."

"म्हणजे मी त्यांना घालणार?"

"नाही गं राणी. ती तुला घालणार."

बकूने हात जोडले. "माझी ताई दे ना परत! मला दुसरं काही नको."

परीचा चेहरा उजळला आणि लगेच कोमेजला. "इच्छा माग, मी देईन. पण नियम आहेत. एक, सूर्य त्या सुळक्याला टेकला की फाटक मिटतं, आत राहील तो हँगरवर. दोन, नियमाचा अर्थ मला विचारायचा नाही, मी सांगायचा नाही. आणि तीन," तिने खोल श्वास घेतला, "आधी जुन्याला टाका, मग नव्याला हात."

झाडांवरची सगळी जॅकेटं एकदम सळसळली. "टाक! टाक! काढ ते जुनं! फेक!"

बकूने आपल्या जॅकेटकडे बघितलं. बाबांचा हात त्यावरून फिरला होता. पण ताई! ताईपेक्षा जॅकेट मोठं नाही ना. तिने डोळे पुसले, एक बटण काढलं. दुसरं काढलं. गारठा आत घुसला तसा तिचा श्वासच अडकला. आणि तिसऱ्या बटणावर तिचं बोट थांबलं.

एक मिनिट.

परी म्हणाली, हळू *बोल*. इच्छा *माग*. मला ती तू म्हणतेय, एवढ्याशा पोरीला अहो कशाला म्हणेल? फेकायला सांगायचं असतं तर म्हणाली असती, टाक! टाका कशी म्हणेल?

आणि तिला दुकान दिसलं. मेण चोळणारा हात. मान वर न करता आलेला तो आवाज.

"फेकायचं नाहीये!" बकू ओरडली. "टाका! टाका घालायचाय! सुईचा!"

परी काही बोलली नाही. तिला परवानगीच नव्हती. पण तिच्या डोळ्यांतून टपकन एक चमचमता थेंब पडला.

बकू पळत सुटली. बागेच्या मागे जुन्यांचा ढीग होता, डोंगराएवढा! कोट, स्वेटर, शाली, जॅकेटं, सगळ्यांवर करडी बुरशी, सगळी एकसारखी दिसतायत. यातून ताईचं कसं ओळखायचं? सूर्य सुळक्यापासून फक्त वीतभर वर राहिला होता. तिने एकेक ओढून आपल्या डाव्या बाहीला लावून बघितलं. नाही. हे नाही. हेही नाही. बोटं बधिर झाली. मागून कुणीतरी येतंय असं वाटत होतं. वळून बघितलं तर खरंच! एक काळंभोर रिकामं जॅकेट बाह्या पसरून तरंगत येत होतं.

तिने शेवटचं एक जॅकेट खेचलं आणि बाहीला बाही भिडवली.

रेघ जुळली! एकीपासून निघाली, दुसरीपाशी पोचली.

जॅकेट काखेत मारून ती झाडाखाली धावली. दाभण होतं, पण दोरा? दोरा कुठून आणणार? मग तिने आपल्याच उजव्या बाहीचा टाका दाताने तोडला आणि बाबांचा मेण लावलेला लाल दोरा सर्रकन ओढून काढला. बाही गळून खाली पडली. थंडीने तिचा उघडा हात निळा पडला. तरी ती ताईच्या जॅकेटचा फाटका खांदा शिवत होती. एक टाका. काळं जॅकेट दहा पावलांवर. दुसरा टाका. पाच पावलांवर. बोटात दाभण घुसलं, रक्ताचा इवला थेंब आला. तिसरा टाका… आणि त्याची गार बाही तिच्या मानेला लागली तेवढ्यात बकूने गाठ मारली, कच्चकन!

काळं जॅकेट फुस्सकन खाली पडलं. नुसतं कापड.

बकू झाडावर चढली. यमूच्या अंगातली अकरा जॅकेटं एकेक करून काढली, लाल, मोरपिसी, पिवळं, सगळी. काढताना एकेकातून उबदार वाफ निघून यमूच्या गालांवर बसत होती. मग तिने बाबांचं जॅकेट घातलं आणि बटणं लावली.

यमूने डोळे किलकिले केले. "बके? तुझी बाही कुठंय गं? आई ओरडेल ना!"

बकू हसत होती की रडत होती, तिलाच कळेना. "चल, चल, पळ आधी!"

सूर्य सुळक्याला टेकायला आला होता. दोघी फाटकाशी पोचल्या आणि बकू थबकली. कुंपणावर परी तशीच बसली होती, पंख दुमडून.

"तू नाही येत?"

"मला येता येत नाही, राणी."

तेव्हा बकूला दिसलं. तो दुमडलेला पंख मधोमध फाटला होता. कितीतरी वर्षांपूर्वी. आणि परी कितीतरी वर्षं प्रत्येकाला तेच सांगत होती, जुन्याला टाका, जुन्याला टाका.

"बके, फाटक!" यमूने हाक मारली. फाटक करकरत मिटायला लागलं होतं.

बकूकडे वीतभर दोरा उरला होता. तिच्या बाहीपुरता. तिने तो दाभणात ओवला. यमूने मागे येऊन आपल्या ओंजळीत परीला धरलं, आणि बकूने त्या झिरझिरीत पंखावर एकच टाका घातला. लाल, नाजूक, अगदी बाबांसारखा.

आणि काय सांगू! दोन्ही पंख उघडले. बागेत दुधाळ, मधाळ, केशरी उजेड पसरला. मिटणारं फाटक तिथल्या तिथे थांबलं.

"इतकी माणसं आली," परी म्हणाली, "सगळ्यांना ऐकायचं होतं तेच ऐकू आलं. तू मात्र नीट ऐकलंस. आता लाव नव्याला हात." तिने बकूच्या तळहातावर एक छोटंसं रीळ ठेवलं, उजेडाच्या दोऱ्याचं. "झाडांवर अजून खूप जण आहेत. हा दोरा संपणार नाही."

मग ती वर गेली, वर, आणखी वर, एक ठिणगी झाली, एक ठिपका झाली, आणि उजेडात उजेड होऊन विरघळली. बकूची बाही आपोआप जागेवर आली होती. तिच्यावर सोनेरी टाक्यांची बारीक रांग होती.

दोघी बहिणी रोज त्या बागेत गेल्या. ढिगातून एकेक जुनं शोधलं, शिवलं, एकेकाला खाली उतरवलं. पोपटीतला मुलगा त्याच्या घरी गेला, केशरीतल्या आजी त्यांच्या. शेवटी झाडं रिकामी झाली आणि त्यांना फुलं आली, खरीखुरी.

बाबांचं दुकान पुन्हा उघडलं. आईला मळ्यात जावं लागेना, ती दोऱ्याला मेण लावून देते. नवीन पांघरूणही आलंय, सहाही पाय झाकणारं! यमूला कुणी चिडवलं की ती बाही पुढे करून म्हणते, "हो, तेच आहे. बघ ना, किती भारी!"

परवाच एक काका फाटकी पिशवी घेऊन दुकानात आले. "पोरींनो, याचं काय करू गं?"

बकू आणि यमूने एकमेकींकडे बघितलं. ओठ दाबले. आणि दोघी एकदम म्हणाल्या, "टाका!"

काकांनी पिशवी रागारागाने कचऱ्यात भिरकावली, आणि दुकानात असं काही हसू फुटलं की डोंगरावरचं उरलंसुरलं धुकंसुद्धा पळून गेलं.

गोष्टीला बसला टाका, गारठा गेला, आता तुम्ही पांघरुणात शिरा.