धुराच्या नळीला डांबरी पट्टी

सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे वर्षातले चार महिने कौलं वाळत नाहीत, अशा एका गावात बाबल नावाचा एक मेस्त्री राहत असे. तो गाड्यांमध्ये घर बांधून देई. साधी व्हॅन त्याच्या शेडमध्ये शिरे, आणि महिन्याभराने बाहेर पडे तेव्हा तिच्यात पलंग असे, छोटा ओटा असे, पाण्याची टाकी असे.

त्याचं नाव एका गोष्टीसाठी झालं होतं. त्याने बांधलेल्या गाडीत पाण्याचा थेंब येत नसे. काम संपलं की तो स्वतः आत बसून दारं लावून घेई आणि बाहेरून पाइपाने पाणी मारायला सांगे. अर्ध्या तासाने तो कोरडाच्या कोरडा बाहेर येई. त्याचं औषध एकच होतं, डांबरी पट्टी. छपराची फट असो की नळाचा सांधा, तो पट्टी ताणून गुंडाळी, अंगठ्याने दाबी आणि म्हणे, “आता पावसाक दुसरा घर बघूक सांगा.”

एकदा गावातल्या शाळेचे शिक्षक शेखर तायशेटे आपली व्हॅन घेऊन त्याच्याकडे आले. त्यांना बायको नूतन आणि सहा वर्षांची मुलगी इरा यांच्यासह हिमालयात जायचं होतं. इराला बर्फ बघायचा होता. व्हॅनमध्येच राहायचं, व्हॅनमध्येच झोपायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून त्यांनी डिझेलवर चालणारा एक छोटा हीटर विकत आणला होता. तो सीटखालच्या पेटीत बसवायचा होता. डिझेल त्याच्या पोटात जळे, गरम हवा गाडीत येई आणि धूर वेगळ्या नळीने गाडीखाली निघून जाई.

त्या गावात असला हीटर कोणी पाहिला नव्हता. बाबलनेही पाहिला नव्हता. पण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

त्याने जमिनीच्या पत्र्याला भोकं पाडली, हीटर बसवला, डिझेलची नळी जोडली. धुराच्या नळीला दोन सांधे होते आणि हीटरसोबत दोन लोखंडी क्लिपा आल्या होत्या. खालच्या सांध्याला त्याने क्लिप आवळली. वरचा सांधा सीटखालच्या पेटीत होता. तिथे जागा इतकी अरुंद होती की पेचकस फिरेना. हीटर काढून पुन्हा बसवायला आणखी एक दिवस लागला असता. बाबलने डांबरी पट्टी घेतली, सांध्याला सात वेढे दिले आणि अंगठ्याने दाबले.

तायशेटे मास्तरांनी उरलेली क्लिप उचलून विचारलं, “मेस्त्रीनू, ही उरली?”

“कंपनी एक जास्त देता, मास्तर,” बाबल म्हणाला.

मग हीटर चालवून बघितला. त्या गावच्या उकाड्यात बंद गाडीत हीटर लावून कोण बसणार? दहा मिनिटांत दोघांचे सदरे भिजले. बाबल म्हणाला, “आणखी पाच मिनिटां ऱ्हवलो तर आमचीच भाकरी भाजतली.” दोघेही हसत बाहेर पडले आणि हीटर बंद झाला. नंतर गाडीवर अर्धा तास पाणी मारलं. आत थेंब आला नाही. नारळ फुटला आणि मास्तर, नूतन आणि इरा निघाली.

बाबलकडे पट्टीचा एक तुकडा उरला होता. घरच्या बंबाचं धुराडं बरेच दिवस फुटलं होतं. त्याने तो तुकडा तिथे गुंडाळून टाकला.

नवव्या दिवशी सकाळी त्याची बायको सत्यवती न्हाणीतून खोकत बाहेर आली.

“न्हाणी धुरान भरली. तुमची पट्टी जळान गेली,” ती म्हणाली.

बाबल आत गेला. धुराड्यावर पट्टी नव्हती. काळी राख होती. बोट लावलं तशी ती गळून पडली. तो ते बोट बघत उभा राहिला, आणि मग त्याला तो सांधा आठवला.

पावसाचं पाणी थंड असतं. तिथे पट्टी जन्मभर टिकते. धुराची नळी तापते. तिथे पट्टी पहिल्या रात्री मऊ होणार, दुसऱ्या रात्री करपणार, आणि मग रोज थोडी थोडी फट उघडत जाणार. ती फट गाडीखाली नव्हती. ती सीटखाली होती, आणि त्याच सीटवर इरा पाय पसरून झोपायची.

बंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस बाहेर पळतो. पण या हीटरच्या धुरातला जीवघेणा वायू दिसत नाही, झोंबत नाही, त्याला वासही नसतो. पूर्वी त्याच गावातला एक ड्रायव्हर गाडीचं इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपला होता. दार उघडलं तेव्हा तो मेला आहे असं वाटत नव्हतं, इतका शांत दिसत होता. त्याला बाहेर काढणाऱ्यांत बाबलही होता.

तो धावत शेडवर गेला आणि मास्तरांना फोन लावला. शेडमध्ये शेजारच्या गावची तीन माणसं बसली होती. त्यांना व्हॅन बांधून घ्यायची होती. बाबलसारखा मेस्त्री पंचक्रोशीत नाही, असं ऐकून ती आली होती.

फोन लागला. मास्तरांचा आवाज आनंदी होता.

“मेस्त्रीनू, तुमचा हीटर झकास. बाहेर पाणी गोठतंय आणि आत आम्ही स्वेटर काढून झोपतो.”

“तरास काय नाय ना?”

“हीटरचा काही नाही. सकाळी डोकं जड होतं, तिघांचंही. उंचीमुळे होतं म्हणतात. इराला आज उलटी झाली. दुपारी नदीकाठच्या शेवटच्या गावात थांबू आणि तिला जरा उबेत झोपवू.”

बाबलच्या तोंडात वाक्य तयार होतं. पट्टी जळली असेल, हीटर लावू नका. एवढंच म्हणायचं होतं. पण समोरची तिन्ही माणसं त्याच्याकडे बघत होती. बाबलने त्यांच्याकडे पाठ केली.

“मास्तर, हीटर जरा जपान वापरा. काच वायच उघडी ठेवा,” तो म्हणाला.

मास्तर हसले. “काच उघडी ठेवायची तर हीटर कशाला बसवला? बरं, निघतो आम्ही. इथून पुढे रेंज नाही.”

फोन बंद झाला. बाबलला वाटलं, चला, सांगितलं आपण. छातीवरचं ओझं थोडं उतरलं. तो त्या तीन माणसांशी पलंगाच्या मापाबद्दल बोलू लागला. बोलता बोलता दोन तास गेले.

जेवायला बसल्यावर मात्र त्याचा घास तोंडाशी थांबला. सत्यवतीने ते पाहिलं आणि विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

“मास्तरांका काय सांगितलास?”

“जपान वापरा म्हणान.”

“पट्टी जळता, ता सांगितलास?”

बाबल ताटाकडे बघत राहिला.

“मगे त्यांका कसा कळाचा, कित्याक जपाचा ता?” सत्यवती म्हणाली. “लोक दोन दिस हसतले आणि गप होतले. पण त्या पोराक काय झाला तर?”

बाबल उष्ट्या हाताने उठला. त्याने फोन लावला. लागला नाही. वीस वेळा लावला. प्रत्येक वेळी एक बाई गोड आवाजात सांगत होती की हा फोन संपर्कक्षेत्राबाहेर आहे. घड्याळात एक वाजून गेला होता. दुपारी तिला उबेत झोपवू, असं मास्तर म्हणाले होते. बाबलला दिसत होतं, काचा लावलेल्या आहेत, पडदे ओढलेले आहेत, हीटर मंद घुमतोय. आई म्हणतेय, झोपली बाई एकदाची.

तो गावच्या बाजारात परब सुभेदारांच्या दुकानाकडे धावला. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले होते आणि डोंगरातल्या चौक्यांवर त्यांची ओळख होती. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. शेडमधून उठून आलेली ती तीन माणसंही तिथेच सोडा पीत होती.

“सुभेदारांनू, मास्तरांची गाडी थांबवूक होयी,” बाबल म्हणाला.

“का? काय झालं?”

“हीटरमध्ये वायच गडबड आसा.”

सुभेदारांनी चष्मा काढला. “बाबल, तिकडचा माणूस गाडीजवळ जाणार. हात कुठे घालायचा ते त्याला कळलं पाहिजे. वायच म्हणजे काय, ते सांग.”

बाबलने आजूबाजूला पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि सांगितलं. एक क्लिप लावायची होती, ती मी लावली नाही. तिथे डांबरी पट्टी गुंडाळली. ती जळली असणार. धूर गाडीत शिरतोय. मास्तरांनी क्लिपेबद्दल विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. सकाळी फोन लागला होता, तेव्हाही मी हे लपवलं.

दुकानात कोणी हसलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

सुभेदारांनी एका जुन्या सोबत्याला फोन लावला. त्याने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. प्रत्येक वेळी सुभेदार फोन बाबलच्या हातात देत आणि प्रत्येक वेळी बाबल पहिल्यापासून सांगे. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगे, पण काहीही गाळत नसे. तिसरा माणूस मास्तर गेले होते त्याच खोऱ्यातल्या चौकीवर होता. तो म्हणाला, “नदीकाठी पांढरी व्हॅन उभी आहे. पडदे लावलेत. जातो.”

मग वाट बघणं उरलं. कोणी दुकान सोडून गेलं नाही. बाबल पायरीवर बसला होता. त्याला फक्त घड्याळाचा आवाज येत होता. तास गेला, दुसराही गेला. सत्यवती येऊन त्याच्या शेजारी बसली, पण तिने त्याला धीर दिला नाही. काय म्हणून देणार होती?

दिवेलागणीला फोन वाजला. पलीकडे मास्तर होते. चौकीवरून बोलत होते. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

चौकीवरचा जवान पोचला तेव्हा मास्तर आणि नूतन बाहेर नदीवर पाणी भरत होती. मुलगी आत एकटी झोपली होती. जवानाने दार ओढलं आणि तिला उचलून उघड्यावर आणलं. तिने हाकेला ओ दिली नाही. चौकीवर नेऊन नाकाला प्राणवायू लावला. पाऊण तासाने तिने डोळे उघडले आणि आईला ओळखलं. चौकीवरचे डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण काही दिवस तिला नीट चालता येणार नाही. सीटखाली हात घातला तेव्हा सांध्यावर पट्टी नव्हती, नुसती राख होती.

बाबल ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग मास्तरांनी विचारलं, “मेस्त्रीनू, सकाळी माझ्याशी बोललात, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?”

दुकानातली सगळी माणसं बाबलकडे बघत होती. या वेळी त्याने पाठ फिरवली नाही.

“होय, मास्तर,” तो म्हणाला.

पलीकडे लांब कुठेतरी एक लहान मूल खोकत होतं. बाबल तो खोकला कानाशी धरून उभा राहिला, फोन बंद होईपर्यंत.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या जिवावर येणारी असेल तर ती लगेच सांगावी आणि पुरती सांगावी, अर्धी सांगितली तर सांगणाऱ्याला हलकं वाटतं, पण ज्याच्यावर संकट आहे तो निर्धास्त झोपून राहतो.