कपाळावर एक बोट

“पण अक्का, मी शंभर किलोचा गडी चीत करतो! मग हे पंचेचाळीस किलोचे मास्तर माझ्याच्यानं खुर्चीत का बसंनात?”

विचारणारा सर्जेराव. तालमीत घुमलेला पैलवान, महिन्यापूर्वीच दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागलेला. आणि अक्का म्हणजे गोदाक्का, तीस वर्षं त्याच वॉर्डातली आया. अंगानं ही एवढीशी, पण अख्खा वॉर्ड तिच्या शब्दावर चाले.

सकाळी सर्जेरावानं दप्तरदार मास्तरांच्या काखेत हात घालून असा हिसका दिला, की मास्तर बोंबललेच. सिस्टर धावत आल्या. “आणखी एक पेशंट ओरडला, तर तुमची रवानगी धोबीखान्यात!” असं बजावून गेल्या. पैलवानाचं तोंड एवढंसं झालं.

तापानं खंगलेले मास्तर पलंगाच्या काठावर, गज घट्ट धरून बसले होते. हात लावू देतील तर शपथ.

अक्कानं शेजारचा रिकामा पलंग दाखवला.

“बस. पाय खाली सोड. पाठ ताठ.”

सर्जेराव बसला.

अक्कानं त्याच्या कपाळावर एक बोट टेकवलं.

“ऊठ आता.”

पैलवानानं दम कोंडला... लालेलाल झाला... बूड काही हलेना! वॉर्ड खो खो हसला. मास्तरसुद्धा.

“ही काय करणी म्हणायची, अक्का?”

“करणी कसली! डोकं पुढं येऊ दिलं नाही तुझं. वाकल्याबिगर उठतंय कोण?”

तिनं चाकाची खुर्ची पलंगाला लावली, दोन्ही ब्रेक दाबले.

“चल, मास्तरांच्या कमरेला हात ठेव. ओढायचं नाही. मास्तर, पाय थोडे मागं घ्या आणि माझ्या पाया पडायला वाका.”

“मी? अहो, वयानं मोठा आहे मी तुमच्याहून!”

“मग खाली चप्पल शोधा.”

मास्तर हसत हसत वाकले... आणि उभेच राहिले की! सर्जेरावाच्या हाताच्या आधारानं दोन पावलं वळले आणि अलगद खुर्चीत टेकले.

“उठलो! अहो, मी उठलो!” मास्तरांना आनंद मावेना.

सर्जेराव आपल्याच हातांकडे बघत राहिला. धोबीखाना टळला होता, पण त्याचं त्याला भानच नव्हतं.

“अक्का... पण मी तर ह्यांना उचललंच नाही!”

अक्का पुढच्या पलंगाकडे निघालीसुद्धा होती.

“उचलायचं ते चौघांनी, एकदाच, शेवटी. तोवर माणसाला उठू द्यावं, पैलवान.”