पायऱ्या दाखवा

संख्याशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. राजहंस यांचा एक नियम सगळ्या कॉलेजला पाठ होता: पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलं की शून्य. त्याच राजहंसांनी पीएच.डी. करणाऱ्या अश्लेषाचा प्रबंध भर सभेत परत फेकला.

"विभागाचं विकतचं सॉफ्टवेअर सोडून फुकटच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या आकड्यांवर भरवसा कोण ठेवणार? अडलीस तर विचारणार कोणाला?"

तीन वर्षांची मेहनत अशी भिरकावलेली पाहून अश्लेषाचं डोकं फिरलं.

"अडले होते, सर. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईंनाच विचारलं. त्यांनी आकडेमोड ओळीओळीने उघडून दाखवली, मी ती हाताने ताडून पाहिली. तुमचं विकतचं सॉफ्टवेअर उत्तर कसं काढतं?"

"ते कंपनीचं गुपित असतं," राजहंस गुरगुरले.

"म्हणजे पायऱ्या दाखवत नाही," अश्लेषा म्हणाली. "मग सर, त्याला मार्क किती?"