सांगणाऱ्याचं नाव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वाटेवर मैलाचे दगड नव्हते, माणसं एकमेकांना विचारत विचारत गावाला पोचायची. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि गावात एक कासाराचं घर होतं. घरात दोन भाऊ आणि त्यांची एक बहीण. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरल्यानंच त्या दोघांना वाढवलं होतं.

थोरला बांगड्यांचा पेटारा घेऊन गावोगाव फिरायचा. बांगड्या भरताना बाईचा हात कासाराच्या हातात अडकलेला असतो, मग तिचं तोंड मोकळं होतं. बायका बोलायच्या, थोरला ऐकायचा. शेवटी प्रत्येकीला एक बांगडी वर द्यायचा, आशीर्वादाची. तिचं मोल तो घेत नसे.

त्या बोलण्यात कधी या घराच्या वाडवडिलांचं नाव निघालं, की थोरला घरी येऊन ते आपल्या बाडात, जाडजूड वहीत, उतरवायचा. पण नुसतं नाव नाही. कुणी सांगितलं, ती कुणाची कोण, तिनं डोळ्यांनी पाहिलं की कानांनी ऐकलं, ऐकलं तर कुणाकडून, कुठल्या गावी, कुठल्या दिवशी, सगळं लिहायचा.

धाकट्याला याचं हसू यायचं. पंतोजींकडे तो जेमतेम एक पावसाळा टिकला होता.

"दादा, नाव बोटभर आणि शेपूट हातभर! हा आपला पणजोबा आहे की वानर?"

"शेपटी आहे म्हणून वानराचा तोल राहतो, शहाण्या," थोरला म्हणायचा आणि पुढे लिहायचा.

मग एका पावसाळ्यात ताप आला आणि तीन दिवसांत थोरला गेला.

धाकटा रडला नाही. त्यानं पाण्याचा माठ फोडला, दारातल्या कुत्र्यावर ओरडला, आणि मग त्याच कुत्र्याला चिकटून दिवसभर बसून राहिला. बाड उघडलं की दादाचं अक्षर दिसायचं. त्या अक्षराचं वळण त्याला पाहवेना. त्यानं ठरवलं, नावं तेवढी राहू देत, अक्षर जाऊ दे.

दहा दिवस बसून त्यानं कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरांत नावं आणि फार तर त्यापुढची एखादी ओळ उतरवली. सटवोजी नावाच्या पूर्वजाबद्दल दादानं दोन नोंदी लिहिल्या होत्या. पहिली आखूड होती, तिची सुरुवात त्यानं घेतली. दुसरी लांबलचक होती, ती न वाचताच सोडली. तेराव्या दिवशी त्यानं जुनं बाड नदीत सोडलं. पाण्यावर ते थोडा वेळ तरंगलं, मग वळणापाशी दिसेनासं झालं.

वर्ष सरलं. डोंगरापलीकडच्या कासारांचा एक मुलगा बांगड्यांची खेप घेऊन यायचा. तो यायचा त्या दिवशी बहीण दोनदा केस विंचरायची. धाकट्यानं ते पाहिलं आणि सोयरीक सुचवली.

मुलाचे आजोबा आपली वंशावळ घेऊन आले. अंगणात घोंगडी अंथरली. आजोबा वाचू लागले, "आमच्या खापरपणजोबांना एक धाकटा भाऊ. सटवोजी. ऐन तारुण्यात घरी भांडला आणि डोंगर उतरून गेला. तो पुन्हा आला नाही. आता तुमचं वाच."

धाकटा ऐटीत वाचू लागला आणि एका ओळीवर त्याची जीभ अडखळली. "सटवोजी. डोंगरापलीकडून आला."

तो सटवोजी आणि हा सटवोजी एकच असला, तर दोन्ही घरं भाऊबंद. आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही.

"आमचा सटवोजी वेगळा!" धाकटा ताडकन उठला.

"असेलही," आजोबा म्हणाले. "सटवाईला नवस करून झालेली पोरं गावोगाव असतात. पण हे तुला कुणी सांगितलं?"

"दादानं लिहिलं होतं."

"दादाला कुणी सांगितलं?"

धाकटा आपल्या बाडाची पानं मागेपुढे उलटू लागला.

"पुढच्या पौर्णिमेपर्यंत वाट पाहतो," आजोबा म्हणाले. "पोरगी मलाही आवडली आहे. पण नाव हवेत लटकत नाही, बाळा. कुणीतरी ते धरून उभं असावं लागतं."

पाहुणे गेल्यावर बहीण एवढंच म्हणाली, "भाऊ, ते बाड तू नदीत सोडलंस ना, त्यात माझं लग्न होतं."

धाकट्यानं दादाचा पेटारा खांद्यावर घेतला आणि दादाच्या वाटेनं निघाला.

पहिल्याच गावात एका बाईनं त्याला ओळखलं. "अगं बाई, कासारदादाचा भाऊ! तुझा दादा याच उंबऱ्यावर बसायचा. ताक दिलं की मीठ मागायचा, मीठ घातलं की खारट झालं म्हणायचा."

धाकट्याला हसू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदाच. हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले. बाईनं ताकाचा पेला पुढे केला, आणि मिठाचं भांडंही.

सटवोजीचं मात्र तिला काही ठाऊक नव्हतं. तो पुढे गेला. जाईल तिथे दादाला ओळखणारं कुणी भेटायचं. सहाव्या गावात एक कुंभार म्हणाला, "डोंगरापलीकडून आला हे मीच सांगितलं होतं. जत्रेत ऐकलेलं."

"कुणाकडून?"

"कोण जाणे! तुझ्या भावाला म्हटलंसुद्धा, माझ्यावर विसंबू नकोस बाबा. तर त्या पठ्ठ्यानं तेही लिहून घेतलं!"

धाकट्यानं कपाळाला हात लावला. ती ओळ दादानं लिहिली होती, आणि यानं गाळली होती.

अकराव्या गावात एक म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. तिचं माहेर धाकट्याच्याच गावचं.

"सटवोजी? तो तुमच्याच घरात जन्मला रे. माझ्या आजीच्या आजीनं त्याची नाळ कापली. ती सुईण होती. डोंगरापलीकडून आली ती त्याची बायको!"

"आजी, तू पाहिलंस?"

"मेल्या, मी काय दीडशे वर्षांची दिसते?" म्हातारीनं शेंगेचं टरफल त्याच्यावर फेकलं. "तुझ्या भावानंही अस्संच विचारलं होतं. ये आत."

आत खुंटीला एक काळी दोरी होती. सुईण प्रत्येक बाळंतपणाला तिला एक गाठ मारायची, आणि गाठीत त्या घरची खूण बांधायची. कुंभाराच्या घरची खापरी, विणकराच्या घरचं सूत. एका गाठीत बाळाच्या मनगटाएवढी काचेची हिरवी कडी होती.

"कासाराच्या घरी तिच्या हातून झालेलं हे एकच बाळंतपण," म्हातारी म्हणाली. "आजीनं आईला सांगितलं, आईनं मला. आता तू लिही. आणि नीट लिही, तुझ्या भावासारखं."

धाकट्यानं तिथेच मांडी घातली आणि लिहिलं. म्हातारीचं नाव, तिच्या आईचं, आजीचं, गावाचं नाव, तिथी. दोरी कुठल्या खुंटीला आहे आणि कडी कितव्या गाठीत आहे, तेही. लिहिता लिहिता दोन ओळी झाल्या, चार झाल्या, आठ झाल्या. त्याला त्याचा कंटाळा आला नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आजोबांनी ते वाचलं. मग बैल जुंपून ते स्वतः म्हातारीकडे गेले, गाठी मोजल्या, कडी पाहिली. परत आल्यावर म्हणाले, "आमचा डोंगर उतरला, तुमचा घरात जन्मला. दोन माणसं, नाव एक. मांडव घाला."

लग्नाच्या दिवशी धाकट्यानं बहिणीच्या हातात बांगड्या भरल्या. हात भरला तरी त्यानं आणखी एक घेतली.

"ही कुणाची?" बहिणीनं विचारलं.

"दादाची. वरची."

पुढे धाकटाही दादासारखाच गावोगाव फिरला आणि लिहीत राहिला. त्याच्या बाडात थोरल्याच्या नावापुढे हे लिहिलेलं होतं: 'ताकात मीठ मागायचा. सांगणारी, पहिल्या गावची उंबऱ्यावरची बाई. तिनं स्वतः पाहिलं. ते खरं आहे. सांगणारा, मी, त्याचा धाकटा भाऊ. मीही पाहिलं.'

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: पूर्वजाचं नाव लिहाल तिथे ते कुणी सांगितलं आणि त्याला कसं कळलं हेही लिहा, कारण सांगणारा हरवला की नावाची साक्षही हरवते.