रिकाम्या पेटीपुढे

हे कुणाला सांगायचं नाही, असं दादाने मला बजावलं होतं. फादरांचं तर मुळीच नाही. तरी लिहितेय.

"तुम्ही घरी येऊन आईजवळ जपमाळ कराल की नाही, फादर? एवढंच सांगा."

दादाने, म्हणजे अन्सेल्मने, हे विचारलं तेव्हा गुड फ्रायडेची उपासना आटोपली होती. लोक एकमेकांशी न बोलता घरी गेले होते. वेदीवर ना फूल, ना कापड, ना मेणबत्ती. क्रूस तेवढा पायरीला टेकवून ठेवलेला.

म्हातारे फादर सिप्रियन क्रुसाजवळ उभे होते. गुड फ्रायडेला माणसं ओळीने येऊन क्रुसावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घेतात, आणि प्रत्येकामागे ते पाय फडक्याने पुसावे लागतात. त्या फडक्याची फादर घडी घालत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कडेला कड जुळत नव्हती.

"तिने मला बोलावलंय?" त्यांनी विचारलं.



आईने फादरांना बोलावलं नव्हतं. तिला अन्सेल्मच हवा होता.

गावात कुणाची घटका भरत आली की अन्सेल्मला बोलावणं यायचं. फादर व्हायला शिकत होता त्या सेमिनरीतून सुटीवर आलेला असला, की उशाशी बसून तोच जपमाळ सांगायचा. आवाज असा, की रडणाऱ्या बायकासुद्धा पदराने डोळे पुसून उत्तर द्यायच्या. 'नातालीनबाईचा पोर म्हणजे उद्याचा बिशप,' लोक म्हणायचे. अन्सेल्म मान खाली घालायचा, पण कान मात्र तिकडेच असायचे.

आता नातालीनबाई, म्हणजे आमची आईच, अंथरुणावर होती. पोटात गाठ. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. रोज संध्याकाळी ती उशीखालची माळ काढून अन्सेल्मपुढे धरायची, आणि तो पाणी लावायचं निमित्त करून केळीच्या वाडीत निघून जायचा.

"मला जमत नाही आता," अन्सेल्म म्हणाला.

"का? विसरलास?"

"थट्टा नको, फादर. शब्द सगळे येतात. पण ऐकतंय कोण? दुसऱ्यांच्या आयांसाठी घसा सुकेपर्यंत प्रार्थना केली. एकीला तरी उठवलं त्याने? मी वर तोंड करून बोलतो, आणि वर... काही नाही. छप्पर आहे नुसतं."

"तेही गळतं," फादर म्हणाले.

अन्सेल्मला हसू आलं नाही.

"मरणाऱ्या बाईशी खोटं बोलू? माझ्या आईशी?"

फादर फडकं ठेवायला आतल्या खोलीकडे निघाले.

वेदीमागे भिंतीत एक सोनेरी पेटी आहे. तिच्यात पवित्र भाकर असते, म्हणजे ख्रिस्तशरीर. ते आत आहे हे कळावं म्हणून शेजारी लाल दिवा तेवत असतो. पेटीसमोरून जाताना गुडघा टेकायचा, हे आमच्याकडे पोरं चालायला लागली की शिकतात. गुड फ्रायडेला, येशू मेला त्या दिवशी, मात्र पेटी रिकामी असते. दिवा विझवलेला, दार सताड उघडं ठेवायचा नियम. त्या दिवशी तिला कुणी गुडघा टेकत नाही.

फादर पेटीसमोर आले. कठड्याला धरून, कण्हत, त्यांनी गुडघा टेकला.

"आज नाही, फादर. रिकामी आहे ती."

"अं? हो की." फादर उठले. "जुनी बिजागरी रे. आपोआप वाकते."

ते फडकं ठेवून परत आले. पेटीसमोर पुन्हा थांबले. पुन्हा वाकले.

"फादर! याच चुकीसाठी तुम्ही माझा कान पिळला होता. सगळ्या पोरांसमोर."

"कान होतेच तुझे पिळण्याजोगे."

"टेकायचाच तर क्रुसापुढे टेका. तिथे आत कुणी नाही!"

आवाज चढला होता. रिकाम्या बाकांवरून तो परत आला.

फादर या वेळी उठले नाहीत.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"तुला हे आत्ता कळलं, पोरा. मला कितीतरी वर्षं... रोजच गुड फ्रायडे आहे. दिवा पेटलेला असतो. मी मिस्सा करतो, लोकांना ख्रिस्तशरीर देतो. आणि इथे," त्यांनी छातीवर हात ठेवला, "हे असं. उघडं. रिकामं."

अन्सेल्म मटकन पायरीवर बसला. तो भांडायला आला होता. भांडायला समोर भिंत लागते, आणि ती भिंतच खचली होती.

"कुणाला सांगितलं नाहीत कधी?"

"सांगतो की. त्यालाच. रोज सांगतो."

"काय म्हणतो तो?"

बाहेर दिवस मावळत होता. गुड फ्रायडेला घंटा वाजवत नाहीत, म्हणून संध्याकाळचीही आज व्हायची नव्हती.

"नातालीन झोपली असेल आता," फादर म्हणाले.

"झोपते कुठे! मी घरी गेल्याशिवाय डोळ्याला डोळा लावत नाही. आमची फिलो दाराची कडी लावायला गेली, की आतून ओरडते, 'राहू दे गं, माझा पोर बाहेर आहे.' चोर शिरतील म्हटलं तर म्हणते, शिरू देत, तेवढीच सोबत."

"मग तू लवकर जात असशील."

"नाही." अन्सेल्मने तोंड ओंजळीत धरलं. "मुद्दाम उशीर करतो. वाटतं, आज पोचेन तेव्हा... सगळं संपलेलं असेल. माळ कुणी पुढे करणार नाही."

फादरांनी 'अरेरे' म्हटलं नाही. रागावलेही नाहीत. ते तसेच गुडघ्यांवर, तोंड पेटीकडे.

चर्चमध्ये अंधारून आलं. भिंतीतला तो उघडा काळा चौकोन, आणि त्यापुढे वाकलेली ती पाठ. अन्सेल्मला ते बघवेना. नियम गावात सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक होते. तरी तो उठला, पुढे झाला आणि पेटीचं दार लोटू लागला.

दार करकरलं.

फादरांना दिसलं नसावं. पण ऐकू आलं.

"राहू दे रे," ते म्हणाले. "आतला बाहेर गेलाय."

"फिलो! ए फिलो..." आत्ता हे लिहितानाच आईच्या खोलीतून दादा हाक मारतोय. जपमाळेला उत्तर द्यायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मी लिहिणं इथेच...